काल पाणी किती वाजता आलं? लहान गावातल्या सोयींबद्दल लोकांचं म्हणणं गोळा करायची रीत

आमच्या आळीच्या टोकाला एक आजी राहतात. दोन वर्षांपूर्वी वही घेऊन त्यांच्या दारात गेले आणि विचारलं, "आजी, नळाला पाणी कसं येतं?"

"येतंय की बाई. चांगलं येतंय. आपली काय तक्रार न्हाई."

मी 'समाधानी'च्या रकान्यात खूण केली. उठता उठता सहज विचारलं, "काल किती वाजता आलं?"

"साडेतीनला."

"दुपारी?"

आजी हसल्या. "पहाटंचं. तिनाला उठून बसायचं, म्हंजे मोटारवाले उठायच्या आत चार हंडे होत्यात."

घरी आले, आमची आख्खी प्रश्नावली फाडली आणि नव्यानं लिहिली. 'कसं आहे' हे शब्दच तिच्यातून काढून टाकले. पुढे जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं त्या दिवशी सुचलेलं आहे.

गाव सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं, नगरपालिका असलेलं. नाव लिहीत नाही. आमचा पाणी सोडणारा माणूस मोबाइलवर सगळं वाचतो आणि चावी त्याच्या हातात आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. २०११ च्या जनगणनेत प्रगणक होते, मतदार यादीच्या कामालाही दारोदार हिंडले. लोकांच्या उंबऱ्यावर उभं राहून विचारायची सवय तिथली.

आता हे का लिहावंसं वाटलं, तेही सांगते. महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि निवडणुका झाल्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधली चार वर्षं प्रशासक. ज्याच्या दारात जाऊन "दिवा बंद आहे" म्हणावं, असा नगरसेवकच नव्हता. आता आहेत, प्रभागाला दोन-दोन आहेत. पण सांगायची लोकांची सवय मोडली आणि ऐकायची त्यांना अजून लागायचीय. "लहान गावात काय होणार?" असं कुणी म्हणालं, तर त्याला आपल्याच भागाची आठवण करून द्या. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत २०२० साली कराड देशात पहिलं होतं, २०२१ ला विटा आणि २०२२ ला पाचगणी.

आधी टेबल शोधा

प्रश्नावलीच्याही आधी आमची एक फजिती झाली होती. आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकला. चाळीसेक उत्तरं आली, त्यात बायकांची चार. जवळजवळ सगळ्यांचा विषय एकच, पार्किंग. छापून घेऊन कार्यालयात गेलो. साहेबांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "बाई, यातलं कुठलं कुठल्या बोळातलं?" आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. साहेबांचं काही चुकलं नव्हतं. "रस्ते खराब आहेत" या वाक्याला कुठल्याच टेबलावर जागा नसते.

म्हणून एक कागद घ्या आणि प्रभागातली प्रत्येक सोय कुणाच्या अखत्यारीत येते, ते लिहून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचे चार महिने वाचवतं. नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचं, काही ठिकाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. साताऱ्यातच काही उपनगरांना प्राधिकरणाचं पाणी आहे. दिव्याच्या खांबावरची तार महावितरणची, पण त्यावरचा दिवा नगरपालिकेचा. त्यामुळे दिवा बंद पडला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. पूर्ण बोळातली वीज गेली असेल तर महावितरण, घरांत वीज आहे आणि फक्त रस्ता अंधारात आहे तर नगरपालिकेचा विद्युत विभाग, एवढा फरक लोकांना आधीच सांगून ठेवा. गावातून जाणारा मोठा रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो, स्टँड एसटी महामंडळाचा, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं, म्हणजे वरचं टेबल जिल्हा शल्यचिकित्सकांचं. ओढा कुणाचा, हे मात्र विचारू नका. विचारलंत तर लेखी विचारा.

नगरपालिकेचं काम कुठलं, हे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात लिहिलेलं आहे. पाणी, दिवे, झाडलोट, गटारं, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद ही तिची बंधनकारक कर्तव्यं. बागा, वाचनालयं यांसारख्या गोष्टी ऐच्छिक. हा फरक भांडायला उपयोगी पडतो. गटाराबद्दल 'निधी नाही' हे उत्तर पुरत नाही. बागेबद्दल ते ऐकून घ्यावं लागतं.

एका वेळी चारच विषय

सगळं विचारू नका. एक प्रभाग घ्या आणि चार विषय. आम्ही पाणी, घंटागाडी, गटार आणि रस्त्यावरचे दिवे घेतले. मोकाट कुत्री घ्यावीत असा ठराव आमच्यात तीन विरुद्ध दोन मतांनी पडला, आणि तो अजून मला पटलेला नाही.

कुठल्या घरी जायचं, हे आपण ठरवायचं नाही

आपण ठरवलं की आपल्या ओळखीच्यांकडे जातो, चहा मिळतो तिकडे जातो. समजा, प्रभागात ६०० घरं आहेत. एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका. तीन निघाला, तर तिसरं घर, मग आठवं, तेरावं, असं दर पाचवं घर. १२० घरं होतात. दोघा-दोघांच्या चार जोड्या केल्या, तर दोन रविवारांत उरकतात. प्रत्येक जोडीत एक बाई हवीच. दार बहुधा बाई उघडते आणि पुरुषाला बघून "मालक घरी नाहीत" म्हणते. जणू नळ मालकच भरतात.

जुन्या वाड्यांत जरा जपून. बाहेरून एक दरवाजा, आत पाच बिऱ्हाडं. जनगणनेचा नियम सोपा आहे, जितक्या चुली तितकी कुटुंबं. तोच वापरा. भाडेकरूंना वगळू नका. मालक वरच्या मजल्यावरून ओरडून सांगेल, "त्यांचं काय विचारता, ते आज आहेत, उद्या नाहीत." पण वरच्या टाकीतून खाली किती पाणी सोडतात, हे त्यांनाच माहीत असतं.

कुलूप दिसलं, तर शेजारच्या घरात शिरायचा मोह होतो. शिरू नका. दिवसा कुलूप असलेलं घर म्हणजे एमआयडीसीत पाळीला गेलेलं घर, दुकानात कामाला जाणाऱ्या बाईचं घर, नर्सचं घर. त्यांना वगळलं की वहीत फक्त दिवसभर घरी असणारे उरतात, आणि सकाळी दहाला घंटागाडी येते हे त्यांना छानच वाटतं. संध्याकाळी सातनंतर पुन्हा जा. दोनदा जाऊनही कुलूपच असेल, तर तसं लिहा आणि पुढे चला.

शंभर-सव्वाशे घरं पुरतात का, असं कार्यालयात नक्की विचारतील. सरळ सांगा, की शंभर घरांवरून काढलेली टक्केवारी साधारण दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकते. म्हणजे ५२ टक्के आणि ५८ टक्के यांवरून वाद घालण्यात अर्थ नाही. पण एका बोळात दहापैकी नऊ आणि दुसऱ्यात दहापैकी एक निघालं, तर तिथं काहीतरी आहे, हे कुणालाही दिसतं.

पाइपलाइनच्या शेवटची आणि चढावरची घरं चिठ्ठीत आली नाहीत, तरी तिथं जा. फक्त त्यांची उत्तरं वेगळ्या कागदावर ठेवा, १२० मध्ये मिसळू नका.

प्रश्न: मत विचारू नका, मागची वेळ विचारा

आपल्याकडची माणसं दारात आलेल्याला वाईट सांगत नाहीत. "चाललंय की" हे साताऱ्याचं अधिकृत उत्तर आहे. त्यात थोडा संकोच असतो, थोडी सवय असते, आणि "उद्या हे कुणाला जाऊन सांगतील" ही थोडी भीतीही. ज्याच्या गच्चीवर दोन टाक्या आणि खाली मोटार आहे, तो मात्र पंधरा मिनिटं तावातावानं बोलतो. मतं मोजलीत, तर तो जिंकतो आणि आजी 'समाधानी' ठरतात.

मागची वेळ विचारली की दोघं एका पातळीवर येतात. आमचे शेवटी टिकलेले प्रश्न असे:

- शेवटचं पाणी कधी आलं? किती वाजता सुरू झालं, किती वाजता गेलं?
- मागच्या सात दिवसांत किती दिवस आलं?
- ते भरायला घरातलं कोण उठलं?
- घंटागाडी शेवटची कधी आली? त्या वेळी घरात कोण होतं? नव्हतं, तर कचरा कुठे गेला?
- पावसाळ्यात गटाराचं पाणी उंबऱ्याच्या आत आलं का? कुठपर्यंत? हातानं दाखवा.
- अंधार पडल्यावर घरातली बाई किंवा मुलगी कुठल्या वाटेनं जायचं टाळते?
- नगरपालिकेकडे शेवटची तक्रार कधी केली? कुणाकडे, तोंडी की लेखी? पुढे काय झालं?
- एकच काम करून मिळणार असेल, तर कुठलं?

तिसऱ्या प्रश्नावर आमच्यातल्या दोघांनी नाक मुरडलं होतं, पण सगळ्यांत जास्त माहिती त्यानंच दिली. उत्तर 'सून', 'मोठी पोरगी', 'मीच' असं येतं, आणि मग पहाटेच्या पाण्याचा संबंध दहावीच्या अभ्यासाशी लागतो.

'हातानं दाखवा' हेही तसंच. पाणी 'गुडघ्याएवढं' म्हणणाऱ्या माणसाचा हात पोटरीवर थांबतो. खोटं बोलतो असं नव्हे, पण मोजपट्टी लावली की वहीत इंच जातात.

दोन प्रश्न एकात घालू नका. 'पाणी आणि स्वच्छता यांबद्दल काय वाटतं?' याला कुणीही काहीही उत्तर देईल. 'नगरपालिका लक्ष देत नाही ना?' असं विचारणारा कार्यकर्ता आमच्याकडेही होता. त्याला आम्ही झेरॉक्सच्या कामाला लावलं. जात, पक्ष, मत कुणाला दिलं, यातलं काहीही विचारायचं नाही. नाव आणि फोन नंबर तर मुळीच लिहायचा नाही. प्रत्येक कागदावर फक्त बोळाचं नाव आणि घराचा आपण दिलेला अनुक्रमांक. हे दारातच सांगितलं की माणूस मोकळा होतो. आणि निवडणुकीच्या तोंडावर हे काम अजिबात करू नका. तुम्ही कितीही सांगितलंत तरी कुणाचे तरी म्हणूनच ओळखले जाल.

शेवटचा प्रश्न, 'एकच काम कुठलं', हा तेवढा मताचा. तो शेवटीच ठेवा. तोवर माणसाला मागच्या आठवड्याचं सगळं आठवलेलं असतं, आणि उत्तर पेपरातल्या बातमीतून न येता त्याच्या दारातून येतं.

बादली, घड्याळ आणि थोडं गणित

लोकांनी सांगितलेल्याला मोजमापाची जोड द्या. त्याला इंजिनिअर लागत नाही.

पाण्यासाठी १५ लिटरची बादली घ्या, मोबाइलचं घड्याळ लावा आणि पाइपलाइनवरचं पहिलं, मधलं आणि शेवटचं अशी तीन घरं निवडा. मोटार बंद ठेवायची, थेट नळ. समजा, पहिल्या घरी बादली ५० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १८ लिटर. पाणी ४५ मिनिटं राहिलं तर ८१० लिटर, आणि घरात पाच माणसं असतील तर माणशी १६२ लिटर. शेवटच्या घरी तीच बादली अडीच मिनिटांनी भरली, तर मिनिटाला ६ लिटर, ४५ मिनिटांत २७०, माणशी ५४. पाणी दिवसाआड असेल, तर हे आकडे निम्मे करा.

आता निकष बघा. भुयारी गटार योजना असलेल्या गावासाठी माणशी रोज १३५ लिटर आणि नसलेल्या गावासाठी ७० लिटर, असं केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठ्याच्या मार्गदर्शिकेत धरलेलं होतं. ५४ कुठल्याच निकषात बसत नाही. एका पाइपवरच्या दोन टोकांत तिप्पट फरक आहे, हे एका वाक्यात लिहिता आलं की 'पाणी कमी येतं' हे वाक्य लिहावंच लागत नाही.

हा फरक का पडतो, तेही समजून घ्या, नाहीतर चुकीची मागणी कराल. नदीकाठच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीचं पाणी घेणाऱ्या विहिरीतून, पाणी उपसून, शुद्ध करून उंच टाकीत चढवतात आणि तिथून ते स्वतःच्या वजनानं उतरतं. टाकी भरलेली असेल तर दाब चांगला. रात्री जॅकवेलची वीज दोन तास गेली, तर टाकी अर्धीच भरते आणि सकाळी चढावरच्या घरांना नुसती फुसफुस. त्यात वाटेतल्या वीस घरांनी मोटारी लावल्या, की शेवटच्या घराचं पाणी रस्त्यातच ओढलं जातं. आम्ही 'मोठी पाइपलाइन टाका' म्हणायला निघालो होतो. दुखणं निघालं चाव्या सोडायच्या क्रमात आणि मोटारींत.

पाणी शुद्ध आहे का, हे चवीवरून ठरवू नका. नळाच्या पाण्यात शेवटच्या घरीही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. ते बघायची ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट साधी असते. नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, आणि पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांकडे तो संच असतो. विनंती केली तर शेवटच्या नळावर येऊन करतात, आणि शेवटच्याच नळावर करायला सांगा. टाकीखालच्या नळाला रंग येणारच.

घंटागाडीसाठी तीन घरांत कॅलेंडर द्या. बोळाचं तोंड, मध्य, टोक. चौदा दिवस रोज वेळ लिहायची. आली नाही तर फुली. ओला-सुका वेगळा दिलेला कचरा गाडीत एकत्र टाकला, तर शेजारी 'ए' लिहायचं. आमच्याकडे हे काम एका सातवीतल्या मुलीनं सगळ्यांत चोख केलं. तिनं गाडीवरचं गाणं कुठल्या ओळीला आलं की गाडी कुठल्या वळणावर असते, तेसुद्धा लिहून ठेवलं होतं.

दिव्यांसाठी एक संध्याकाळ पुरते. आठ वाजता चालत निघा, खांबाचा नंबर लिहा, नंबर नसेल तर समोरच्या दुकानाची खूण. बंद, लुकलुकणारा आणि झाडात गेलेला, असे तीन प्रकार वेगळे करा, कारण शेवटच्या प्रकाराला बल्ब लागत नाही, कोयता लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच फेरी मारा. भर उन्हात जळणारे दिवेही सापडतील.

गटारांचं मोजमाप ऑगस्टमध्ये आणि पाण्याचं मे महिन्यात करा. उलटं केलंत तर दोन्ही ठीक दिसतील.

बाजारच्या दिवशी वेगळी फेरी

घराघरांत फिरून न सापडणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे बायकांचं स्वच्छतागृह. गावातल्या बाईला त्याची गरज कमी पडते, तिचं घर पाच मिनिटांवर असतं. पण आठवडे बाजाराला आसपासच्या वाड्यांवरून भाजी घेऊन आलेल्या बाया पहाटे निघतात आणि दिवेलागणीला परततात. त्या प्रभागाच्या मतदार नाहीत, म्हणून कुठल्याच यादीत नसतात. एका बाजारच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास, गिऱ्हाईक ओसरल्यावर, त्यांच्याशेजारी पोत्यावर बसा. "सकाळपासून पाणी किती प्यालात?" एवढंच विचारा. आम्हाला बहुतेकींनी सांगितलं, की त्या बाजारच्या दिवशी पाणी पितच नाहीत.

हे विचारायला बाईनंच जायचं, आणि एकटीनं. वही पिशवीत ठेवा, नंतर लिहा. आणि उठताना मेथीची एक जुडी तरी घ्या.

जो चावी सोडतो त्यालाही विचारा

लोकांचं म्हणणं गोळा करताना आपण नेहमी त्याला विसरतो. पाणी सोडणारा माणूस, झाडणाऱ्या बाया, मुकादम, घंटागाडीचा चालक हेही याच गावचे रहिवासी आहेत, आणि कुठला व्हॉल्व्ह किती वर्षांपासून गळतोय, हे कागदावर नसलेलं ज्ञान त्यांच्याकडे असतं. तक्रार करायच्या आधी त्यांच्याकडे जा. नंतर गेलात तर ते आरोपी होतात आणि कुणी बोलत नाही.

आमच्या पाणी सोडणाऱ्या भाऊंनी चहा पीत सांगितलं, "बाई, आळीच्या टोकाची चावी मी पहाटं सोडतो, कारण सहाला मला दुसऱ्या टाकीवर जायला लागतं. माणूस एक, टाक्या दोन." आजींचा साडेतीनचा प्रश्न तिथं सुटायचा होता. कुणी मुद्दाम त्रास देत नव्हतं.

झाडणाऱ्या बायांना हातमोजे मिळतात का, गमबूट आहेत का, हेही त्याच वहीत लिहा. कंत्राटावरच्या बायांचं नाव मात्र कुठेही येऊ देऊ नका.

आकडे बोळानुसार मांडा

संगणक आला तर उत्तम, नाहीतर वाण्याच्या खतावणीसारखा एक मोठा कागद घ्या. उभ्या रकान्यात बोळ, आडव्या ओळीत प्रश्न, आणि पाच-पाचच्या काड्या. प्रभागाची सरासरी काढू नका. 'प्रभागाला सरासरी ४० मिनिटं पाणी येतं' हे वाक्य खरं असतं आणि कुणाच्याच नळाला लागू पडत नाही. बोळ निराळे ठेवले, की वाईट जागा दोन किंवा तीनच आहेत, हे लक्षात येतं. अधिकाऱ्यालाही तेच हवं असतं. 'प्रभाग सुधारा' हे त्याला जमत नाही, 'तीन जागा दुरुस्त करा' हे जमतं.

हातानं काढलेला नकाशा जोडा. रेषा वाकड्या असल्या तरी चालतील. पिंपळ, देऊळ, गिरणी आणि दूध डेअरी एवढं दिसलं की गावातल्या माणसाला जागा कळते.

अर्ज

एका अर्जात एकच विषय. चार विषयांचे चार अर्ज, कारण ते चार टेबलांवर जातात. मजकूर एक पान, त्याखाली आकड्यांचा तक्ता आणि नकाशा. नमुना असा:

प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद.
विषय: प्रभाग क्र. … मधील … आळीच्या शेवटच्या टोकास होणाऱ्या पाणीपुरवठ्याच्या वेळेबाबत.
महोदय, दि. … ते दि. … या काळात आम्ही प्रभागातील १२० घरांत विचारणा केली. … आळीतील पाहणी केलेल्या १४ पैकी ११ घरांत पाणी पहाटे ५ च्या आधी येऊन जाते. शेवटच्या घरी मोटार बंद ठेवून मोजले असता मिनिटाला ६ लिटर पाणी मिळते. याच पाइपलाइनवरील पहिल्या घरी १८ लिटर मिळते. तक्ता व नकाशा सोबत जोडला आहे. चावी सोडण्याचा क्रम बदलून या आळीस सकाळी ५.३० नंतर पाणी देता येईल का, याबाबत पाहणी करून लेखी कळवावे, ही विनंती.

यात 'तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' हे वाक्य नाही, हे ध्यानात आलं असेल. ते वाक्य बांधकामापासून स्मशानभूमीपर्यंत प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे कुणी वाचत नाही.

अर्ज साहेबांच्या हातात देऊ नका, आवक-जावकला द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नाही, तर अर्ज नाही. एकेक प्रत दोन्ही नगरसेवकांना आणि नगराध्यक्षांना. डिसेंबर-जानेवारीत दिलेल्या अर्जाला वजन जास्त असतं, कारण फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची सभा असते. मार्चमध्ये दिलात, तर सगळे बिलं काढण्यात गुंतलेले असतात.

उत्तर नाही आलं तर

पंधरा दिवस थांबा, मग स्मरणपत्र, जुन्या आवक क्रमांकासह. त्यानंतर वाटा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांत गल्लत होते.

नळजोडणी, जन्म-मृत्यूचा दाखला, मालमत्तेच्या नोंदीत नाव बदलणं यांसारखी ठरलेली सेवा वेळेत मिळाली नाही, तर २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम लागू होतो. त्यात आधी कार्यालयातच दोन अपिलं आणि मग आयोगाकडे तिसरं; विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. तुंबलेलं गटार ही मात्र तक्रार आहे. तिच्यासाठी 'आपले सरकार' या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरची तक्रार निवारणाची वाट.

लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडायचा दिवस, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयात पहिल्या सोमवारी असतो. पण तिथं वैयक्तिक तक्रारच घेतात. आम्ही शंभर घरांचा तक्ता घेऊन जाणार होतो, तेवढ्यात एका निवृत्त अव्वल कारकुनानं वाचवलं. ज्यांच्या उंबऱ्याच्या आत पाणी आलं, त्या एका घरानं आपल्या नावानं अर्ज करायचा आणि आपला तक्ता फक्त सोबत जोडायचा.

माहिती अधिकार शेवटी वापरा, पण नीट वापरा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, वर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. 'काय कारवाई केली' असं मोघम विचारू नका, कागद मागा. उदाहरणार्थ, घंटागाडीच्या कंत्राटातलं फेऱ्यांचं वेळापत्रक आणि मागच्या महिन्याचं लॉगबुक. ३० दिवसांत माहिती द्यायची असते. ती आली की चौदा दिवसांच्या कॅलेंडरशेजारी ठेवा.

लोकांना परत जाऊन सांगा

हे बहुतेक जण करत नाहीत, आणि म्हणून दुसऱ्या वेळी दार अर्धंच उघडतं. काय सापडलं, कुठे अर्ज दिला, आवक क्रमांक काय, एवढं एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून गिरणीत, डेअरीत आणि देवळाच्या पारावर लावा. वाचता न येणाऱ्यांसाठी संध्याकाळी पारावर उभं राहून वाचून दाखवा. काम झालं, तर ज्यानं केलं त्याचं नाव घेऊन वाचा. आमच्या पाणी सोडणाऱ्या भाऊंचं घेतलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं पेढे वाटले.

आणि सहा महिन्यांनी त्याच घरांत, तेच प्रश्न, तेच शब्द. शब्द बदलले की तुलना गेली. या मेमध्ये मी पुन्हा आजींच्या दारात गेले. चाव्यांचा क्रम बदललाय, टोकाला आता पाणी पावणेसहाला येतं.

"आजी, काल पाणी किती वाजता आलं?"

"सहाला काहीतरी कमी होती. पण त्याच टायमाला दूधवाला येतोय बाई. हंडा धरू का पातेलं धरू?"

लिहून घेतलं.